पस सेल्स : प्लेंटी

लघवीची तपासणी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलगर्जीनं होणारी तपासणी. रक्ताला एक दबदबा असतो. रक्त काढताना माणूस बाही वर करतो, तोंड फिरवतो, उपाशीपोटी यायचं का हे विचारायला आदल्या दिवशी फोन करतो. लघवीला कोण विचारतंय? तासगावात बसस्थानकाच्या मागच्या अंगाला माझी लॅब आहे. तिथं लघवी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून येते, लोणच्याच्या बरणीतून येते, बेदाण्याच्या हंगामात एकदा डिपिंग ऑइलच्या रिकाम्या डबीतून आली होती. कधी धरली विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मगाशीच की.” मगाशी म्हणजे सकाळचे सहा आणि माझ्या घड्याळात वाजलेले असतात साडेअकरा. तोवर त्या बाटलीत जंतूंच्या कित्येक पिढ्या नांदून गेलेल्या असतात.

डीएमएलटी करून मिरजेत उमेदवारी केली तेव्हा लघवीचं टेबल सगळ्यात नव्या पोराला देत. मिरज म्हणजे आमच्या भागाचं वैद्यकीय माहेर. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि तेव्हापासून तासगाव, कवठेमहांकाळ, जतच काय, कर्नाटकातल्या पेशंटचाही समज असा, की मिरजेत होत नाही ते कुठंच होत नाही. त्या टेबलावर मी कंटाळत होतो. ते टेबल हलकं नाही, हे मला पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या मुलांनी शिकवलं.

गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा होतो तोवर मज्जारज्जूची नळी मिटायची असते. खालच्या टोकाला ती मिटली नाही की मूल पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन जन्माला येतं. स्पायना बिफिडा. जन्मल्यावर लवकरच ऑपरेशन होतं, गाठ जाते, व्रण राहतो, पेढे वाटले जातात. पण त्या गाठीत अडकलेल्या नसा ज्या अवयवांना जात होत्या ते अवयव पोरके झालेले असतात. पायांतला कमजोरपणा डोळ्यांना दिसतो. लघवीच्या पिशवीचा दिसत नाही. निरोगी माणसात पिशवी पिळते तेव्हा तिच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो. या मुलांत पुष्कळदा उलटं होतं. पिशवी पिळते त्याच वेळी तोंड आवळतं. आत दाब चढत जातो, पिशवीची भिंत जाड आणि कडक होते, लघवी उलटी किडनीकडं चढते. बाहेरून दिसतं एवढंच, की पोर सारखं ओलं असतं. आणि ओलं आहे म्हणजे लघवी होतेय, मग काळजी कसली, असं घरची जाणती माणसं म्हणतात. या ओलेपणानं आमच्या भागात किती किडन्या फसवल्या असतील!

पूर्व भागातल्या एका मुलीमुळं मी या विषयात ओढला गेलो. वडिलांची द्राक्षबाग, आई त्याच बागेत राबणारी. मुलगी अंगणवाडीत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं तिचा व्रण आणि तिचा लंगोट दोन्ही एकदम पाहिले आणि पुढं पाठवलं. (हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मजात व्यंगांच्या त्यांच्या यादीत मज्जारज्जूचं व्यंग पहिल्याच क्रमांकाला आहे. अशा यादीचा उपयोग होताना मी पाहिला म्हणून सांगतो.) तोवर त्या आईनं सासूकडून एकच कारण ऐकलं होतं, की पोटुशी असताना गिराण पाळलं नाही, विळी हातात धरली. फॉलिक ॲसिडचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९९१ साली सिद्ध केलं, की ज्या घरात असं मूल झालंय तिथं पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर धोका जवळजवळ पाऊण हिश्शानं कमी होतो. आपल्याकडं लोह-फॉलिकच्या गोळ्या मिळतात, पण बाई दवाखान्यात नाव नोंदवायला येते तेव्हा दुसरा-तिसरा महिना लागलेला असतो. नळी मिटायची ती मिटून गेलेली असते, किंवा राहून गेलेली असते.

मुलीला नळी सुरू झाली. दर तीन-चार तासांनी लघवीच्या वाटेनं बारीक नळी घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढायची. डॉक्टर लोक सीआयसी म्हणतात, घरात त्याला ‘नळी करणं’ म्हणतात. आधी अशी नळी निर्जंतुकच हवी असा दंडक होता आणि त्यामुळं हे काम हॉस्पिटलच्या बाहेर पडत नव्हतं. मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली तो दंडक मोडला. त्यांचं म्हणणं असं, की जंतू आत जाण्यापेक्षा पिशवी तट्ट भरून ताणली जाणं जास्त घातक, कारण ताणलेल्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि ती जंतूंशी लढू शकत नाही. हात साबणानं धुवा, नळी स्वच्छ ठेवा, वेळ चुकवू नका. बस्स. त्या एका विचारानं जगभरच्या आयांना घरी नळी करता आली.

आता तासगावच्या औषध दुकानात जाऊन आठ नंबरची साधी नळी मागा. सोळा नंबरची फोली मिळेल, म्हातारबुवांच्या प्रोस्टेटसाठी ती ठेवलेलीच असते. मुलांची नळी नाही. मग तान्ह्या बाळाला नाकातून दूध देण्याची जी फीडिंग ट्यूब असते, ती सहा-आठ नंबरची घेऊन तिनंच काम भागवतात. देशभर हेच चालतं. त्यात एक बरं आहे. ती रबराची नसते. या मुलांना लहानपणापासून ऑपरेशनं आणि हातमोजे यांच्या सहवासामुळं लॅटेक्सची ॲलर्जी जास्त आढळते. हे वाचल्यापासून अशा मुलाचं रक्त काढताना मी रबरी पट्टा बांधत नाही आणि नायट्राइलचे मोजे घालतो. वाढदिवसाच्या फुग्यांचं मात्र काय करायचं ते आई-बापांना सांगताना जीभ अडखळते.

तर ही मुलगी तपासणीला यायला लागली आणि प्रत्येक रिपोर्टावर मी तेच लिहायला लागलो, पस सेल्स : प्लेंटी. नायट्राइट पॉझिटिव्ह. कल्चर लावलं की ई-कोलाय, नाहीतर क्लेबसिएला. तो रिपोर्ट घेऊन घरचे जवळच्या डॉक्टरकडं जात, डॉक्टर पाच दिवसांचं अँटिबायोटिक देत, पुन्हा तपासणी, पुन्हा प्लेंटी, मग त्याहून वरचं अँटिबायोटिक. दोन वर्षांत तिच्या कल्चर रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ हा शब्द एका ओळीवरून खाली उतरत उतरत शेवटच्या ओळीपर्यंत आला. मुलीला ना ताप, ना पोटात दुखणं, ना लघवीला नेहमीपेक्षा वास.

सांगलीला ठरावीक वारी येणारे एक बालशल्यचिकित्सक होते. त्यांनी एकदा माझा रिपोर्ट वाचून थेट मलाच फोन लावला. “तुम्ही लिहिलंय ते खरं आहे,” ते म्हणाले, “पण त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही. रोज नळी करणाऱ्या मुलाच्या पिशवीत जंतू वस्तीला असतातच. ताप नाही, त्रास नाही, तर मी औषध देत नाही. प्लेंटी लिहा, पण खाली एक ओळ घाला, की हे मूल सीआयसीवर आहे.” तेव्हापासून मी ती ओळ घालतो. नमुना कसा घेतला तेही लिहितो, नळीतून की बाहेर चिकटवलेल्या पिशवीतून की लंगोट पिळून. हो, लंगोट पिळूनही येते.

या फोनमुळं आमची ओळख झाली आणि पुढं त्यांच्याच तोंडून मी बायोमार्कर हा शब्द या मुलांच्या संदर्भात ऐकला. मला हसू आलं. पस सेल म्हणजे दुसरं काय? शरीरात आत काय चाललंय त्याची लघवीत उतरलेली खूण. तिनं तर आम्हाला दोन वर्षं चकवलं होतं.

पण त्यांना हवं होतं ते वेगळं. नळी, औषध, पुढं पिशवीत बोटॉक्सची सुई, एवढे उपाय करून पिशवीतला दाब खरंच उतरला का, हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच, युरोडायनॅमिक. आयाबायांच्या भाषेत ‘प्रेशरची तपासणी’. एक बारीक नळी पिशवीत, एक गुदद्वारात, पिशवीत हळूहळू सलाइन भरत जायचं आणि दाबाचा आलेख काढायचा. अमेरिकेतल्या एडवर्ड मॅग्वायर यांनी १९८१ साली या मुलांचे आलेख तपासून सांगितलं, की ज्यांची लघवी पिशवीतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेल्यावरच गळते, त्यांच्या किडन्या पुढं बिघडतात. तो चाळीसचा आकडा आजही प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे. पण त्या तपासणीसाठी मुलीला पुण्याला न्यावं लागे. पहाटेची गाडी, आदल्या दिवशी पोट साफ, अनोळखी खोली, रडारड. रडणाऱ्या मुलाचा आलेख काढणं म्हणजे काय, हे त्या टेक्निशियनलाच विचारावं. शिवाय वडिलांची मजुरी नव्हे, बाग बुडते. ऑक्टोबरात फळछाटणी, मग डिपिंग, विरळणी, फवारण्या. द्राक्षवाल्याला मधला दिवस मोकळा सापडत नाही. मग ‘पुढच्या महिन्यात’ करता करता वर्ष निघून जातं.

या प्रवासाच्या जागी एक प्लॅस्टिकची डबी ठेवता आली तर? जगभर जी शोधाशोध चालली आहे ती यासाठी. पिशवीची भिंत ताणली गेली, अडथळ्याविरुद्ध पिळत राहिली, की तिच्यातल्या पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन जास्त तयार करतात. हे प्रथिन शोधणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना स्टॅनले कोहेन यांच्यासोबत १९८६ साली नोबेल मिळालं, तेव्हा लघवीच्या पिशवीशी त्याचा संबंध लागेल असं कुणाच्या ध्यानीमनी नसावं. तैवानमधल्या कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मोठ्या माणसांत दाखवलं, की पिशवी अनावर आकसणाऱ्यांच्या लघवीत हे प्रथिन वाढलेलं असतं आणि बोटॉक्स लागू पडलेल्यांत ते उतरतं. पोलंडमध्ये बिआलिस्टोकच्या डॉक्टरांनी तर स्पायना बिफिडाच्या मुलांच्याच लघवीत ते मोजलं. त्याखेरीज पिशवीची भिंत चिवट व्हायला लागल्याचं सांगणारी टीजीएफ-बीटा, टिम्प-२. किडनीच्या नलिकांना इजा झाल्याची खबर देणारी एनजीएएल, किम-१. डॉक्टरांनी मला निबंधांची चळत दिली आणि म्हणाले, “वाच. तू लॅबवाला आहेस, तुला यातल्या खोड्या माझ्याहून लवकर दिसतील.”

दिसल्या. रात्री लॅब बंद केल्यावर वाचत बसायचो आणि समासात पेन्सिलीनं टिपा लिहायचो.

पहिली गोष्ट मोजमापाची. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचा आकडा पिकोग्रॅममध्ये येतो. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा, तो पिकोग्रॅम. हे मोजायची एलायझाची प्लेट ९६ घरांची. स्टँडर्ड आणि ब्लँक बसवून प्रत्येक नमुना दोनदा घातला तरी एका वेळी चाळीसेक मुलं हवीत, नाहीतर किट वाया. तासगाव तालुक्यात अशी चाळीस मुलं एकदम मिळणार नाहीत, आणि मिळू नयेत. मग नमुने साठवा. साठवायचे तर उणे ऐंशी अंशाचा फ्रीझर हवा. माझ्या लॅबचा इन्व्हर्टर सेल काउंटर आणि साध्या फ्रीजचा भार पेलता पेलता धापा टाकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिलच्या उन्हात बेदाण्याच्या शेडवर खेळून आलेल्या पोराची लघवी हळदीच्या रंगाची असते, पावसाळ्यात तेच पोर पाण्यासारखी करतं. प्रथिन तेवढंच, पण आकडा निराळा. यावर सगळेजण एक तोड काढतात, की लघवीतल्या क्रिएटिनिननं भागायचं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि रोज साधारण ठरलेल्या मापानं बाहेर पडतं, म्हणून. पण या मुलांच्या पायांत स्नायूच कमी! भाजक लहान, म्हणून भागाकार मोठा. मूल चांगलं असूनही आकडा चढलेला दिसायचा. मी समासात लिहिलं, ‘पाय मोजले का?’

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. एनजीएएल हे नाव ज्यावरून पडलं तो न्यूट्रोफिल म्हणजेच आमची पस सेल. तिच्या पोटात एनजीएएल ठासून भरलेलं असतं. ज्या मुलीच्या लघवीत पस सेल बारमाही प्लेंटी, तिच्या लघवीत हा मार्कर वाढलेला दिसला तर तो किडनीचा बोभाटा की वस्तीला असलेल्या जंतूंचा? मुंबईच्या मोठ्या लॅबकडं नमुने नेणारा प्रतिनिधी मला एनजीएएलचं पत्रक देऊन गेला होता आणि माझा वाटा किती तेही सांगून गेला होता. ते पत्रक मी डॉक्टरांना दाखवलं. विचारलं, “सर, हा आकडा हिच्यात वाढलेला आला तर तुम्ही औषध बदलाल?”

“नाही. आधी प्रेशरची तपासणी करेन.”

“आणि नॉर्मल आला तर?”

“तरी वर्षाची वेळ झाली असेल तर करेनच.”

“मग हे कशाला?”

ते थोडं थांबून म्हणाले, “पुण्यात बसलेल्या डॉक्टरला याची गरज नाही रे. तुला आहे. या मुलीला वेळेआधी पुण्याला पाठवायचं की नाही, एवढंच तासगावात कळायला हवं. त्या एका प्रश्नाचं उत्तर देणारा मार्कर सापडला तर तो सोन्याचा.”

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. लघवीतून दाब किती हे सांगणारा आकडा मिळेल तेव्हा मिळो. आमचा सवाल त्याहून साधा होता, आता जायचं का? आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्या टेबलावर जे होतं ते आजवर नीट वापरलंच जात नव्हतं.

क्रिएटिनिनचंच घ्या, रक्तातलं. आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या छापील रिपोर्टावर एकच पल्ला असतो, ०.६ ते १.२. तो मोठ्या माणसाचा. सहा वर्षांच्या मुलीचं ०.९ आलं तर कागद म्हणतो नॉर्मल, बाप म्हणतो देवाची कृपा. पण मुलांसाठी श्वार्त्झ यांचं सूत्र आहे. उंची सेंटिमीटरमध्ये, तिला ०.४१३ नं गुणा, क्रिएटिनिननं भागा. उंची ११० आणि क्रिएटिनिन ०.९, तर किडनीचं काम पन्नाशीवर येतं. पन्नास! म्हणजे नव्वदच्या वर हवं तिथं जवळपास निम्मं. आणि पायांचे स्नायू बारीक म्हणून या मुलांत क्रिएटिनिन मुळातच कमी असायला हवं, तेव्हा खरी अवस्था याहून वाईटही असू शकते. मी सॉफ्टवेअरवाल्याच्या मागं लागून वयाप्रमाणं पल्ले टाकून घेतले. तो म्हणाला, “सर, अख्ख्या जिल्ह्यात कुणी मागितलं नाही.” पद्धतही बदलली. जुनी जाफेची पद्धत एकोणिसाव्या शतकातली, स्वस्त आणि मस्त, पण पोरांच्या छोट्या आकड्यात तिची पॉइंट दोनची चूकही घोड्याएवढी. मुलांसाठी एन्झाइमची पद्धत लावली. महाग पडते, पडू दे.

दुसरा आकडा त्याहून गरीब, विशिष्ट गुरुत्व. रुटीनच्या रिपोर्टात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला असतो, कुणी वाचत नाही. किडनीवर मागून दाब येत राहिला की तिची लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर जाते. रात्रभर पाणी न पिता सकाळी पहिली लघवी घेतली तरी ती पातळच. निरोगी मुलाची सकाळची लघवी १.०२० च्या पुढं जाते. एखाद्या मुलाची महिनोन्‌महिने १.०१० लाच अडकून बसली तर मी फोन उचलतो. पट्टीवर ०.००५ च्या टप्प्यानंच कळतं, हे खरं. पण प्रत्येक वेळी सकाळचीच, नळीतूनच, त्याच पट्टीवर, असं धरलं तर मूल त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडता येतं. जगातल्या मुलांच्या सरासरीशी ताडून या मुलांचं काही भलं झालेलं मी पाहिलं नाही.

तिसरी गोष्ट लॅबच्या बाहेरची. मी तिच्या आईला एक मापाचा प्लॅस्टिकचा मग आणि शंभर पानी वही दिली. “वैनी, नळी केल्यावर मग बघायचा, आकडा लिहायचा, वेळ लिहायची. मधी गळाली तर फुली.” मुलांच्या पिशवीचा अंदाज सोपा आहे. वयात एक मिळवा, तीसनं गुणा. सहा वर्षांची असेल तर २१० मिली. ही मुलगी औषधावर चार तासांनी १८० पर्यंत धरत होती. मार्च संपता संपता वही बघतो तर ११०, ९०, १००, आणि फुल्याच फुल्या. युरोडायनॅमिक नाही, एलायझा नाही, पण पिशवी पुन्हा आवळली हे त्या वहीत लख्ख लिहिलं होतं. मी विचारलं, “औषध चालू आहे न्हवं?”

वैनी गप्प. मग म्हणाली, “बंद केलंय. उन्हात पोरगी लालबुंद व्हती, अंगाला घाम न्हाई, त्वांड सारखं कोरडं. मला भ्या वाटलं दादा.”

तिचं भय खरं होतं. ऑक्सिब्युटिनिन पिशवी सैल करतं ते ज्या मार्गानं, त्याच मार्गानं घाम आणि लाळही आटवतं, आणि तासगावचा एप्रिल काही पोलंडचा एप्रिल नव्हे. शौचाला खडा होतो तो वेगळाच, आणि खडा झाला की पिशवी आणखी बिघडते. डॉक्टरांनी औषधाची तऱ्हा बदलली, उन्हाळ्यात सावलीचे आणि पाण्याचे नियम घालून दिले. ज्यांना हे औषध सोसत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत २०२१ साली मुलांना बोटॉक्स आणि मिराबेग्रॉन या दोन्हींची मान्यता आली, तेही त्यांनी समजावलं. पण औषध चालू की बंद, हे सांगणारा मार्कर त्या दिवशी तरी सात रुपयांच्या वहीत होता. म्हणून मी डॉक्टरांना म्हणालो, की तुमच्या त्या पिकोग्रॅमवाल्यांनी आधी या वहीला हरवून दाखवावं, मग तासगावात यावं. त्यांना ते पटलं असं दिसलं नाही. म्हणाले, “वही लिहिणारी आई प्रत्येक पोराला नसते.”

भाद्रपदात पंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळाच्या सात मजली गोपुरापासून दोरखंडानं रथ ओढतात, सगळा तालुका रस्त्यावर, पेढे आणि गुलाल. त्या दिवशी लॅब उघडी असली तरी काम नसतं. एका वर्षी गर्दी चिरत वैनी आणि मुलगी आत आल्या. नळीची वेळ झाली होती आणि सगळ्या गावात एक आडोसा नव्हता. माझ्या लॅबचं संडास मी धुऊन दिलं. तेव्हापासून जत्रा-बाजाराच्या दिवशी ते संडास आसपासच्या अशा दोन-तीन पोरांसाठी ठरलेलं आहे. कडी आतून नीट लागते, आरसा खाली लावलाय, साबण असतो. शाळेचं मात्र अजून जुळलेलं नाही. मुलगी चौथीपर्यंत मधल्या सुट्टीत आईची वाट बघायची. मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांनी उभ्या केलेल्या स्पायना बिफिडा फाउंडेशनकडं या मुलांच्या घरच्यांना मार्गदर्शन मिळतं, हे कळल्यावर डॉक्टरांनी या घराला त्यांच्याशी जोडून दिलं, आणि मुलगी हळूहळू स्वतःची नळी स्वतः करायला शिकली. दप्तरात एक कंपासपेटी जास्तीची. आत नळी, जेली, छोटा आरसा.

परवा ती स्वतः आली, आई मागं. आता हायस्कुलात आहे. डबी टेबलावर ठेवली, वर वेळ लिहिलेली, ६.१०, खाली ‘नळीतून’. बाकी तालुक्यानं तिच्याकडून शिकावं. मग तिनं वही काढली आणि आईच्या देखत म्हणाली, “काका, जूनपास्नंचे आकडे धरू नका. आई सगळीकडं अडीचशे लिवती. शाळेत मी दुपारची नळी करतच न्हाई. पोरी दार वाजवत्यात.”

वैनीनं कपाळावर हात मारला. मी सेंट्रिफ्यूज थांबवलं. डॉक्टर म्हणाले होते ते आठवलं, आणि ही तर लिहिणाऱ्या आईचीच वही होती. पट्टीवर प्रोटीन एक प्लस, गुरुत्व १.०१०. मागच्या वर्षी १.०२०. पुन्हा पट्टी बुडवली, तेच. तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सोनोग्राफी या आठवड्यात, पुणे या महिन्यात, आणि येताना सकाळच्या लघवीची एक जास्तीची डबी बर्फात घालून पाठव, पुण्याला गोठवून ठेवतो, जमलं तर तुझ्या वहीशी ताडून बघू.

बापाला फोन केला. बागेत होते, मागं कातरीचा आवाज. “छाटणी उरकू द्या की,” ते म्हणाले, “पंधरा दिसांचा तर सवाल हाय.”

पोरीनं माझ्या हातातून फोन घेतला. “आप्पा, छाटायला बिहारची माणसं आल्यात. पुण्याला मला कोण नेणार, ती नेत्यात व्हय?”